लाल दोऱ्याची पिशवी

एका आजारी माणसाच्या तोंडचे मासे मी कुरकुरीत तळून खाल्ले आहेत, हे आधी सांगून टाकते. भुकेपोटी नव्हे, अति शहाणपणापोटी.

आमची वाडी मालवणला लागून, जुन्या बंदरावरची. बंदर गाळाने बुजलं, गलबतं गेली, आणि ज्यांचे पणजोबा मस्कतपर्यंत जात त्यांच्या लेकीसुना सकाळच्या एसटीने कणकवलीला नोकरीला जाऊ लागल्या. थांब्यावर चाचांचं चहाचं दुकान होतं. त्याच्या चिऱ्याच्या भिंतीत खिळे. सकाळी रिकामी पिशवी टांगायची, कुठले मासे हवेत ते चाचांना सांगायचं, दुपारी मासेवाली ती भरून जाई, आणि संध्याकाळी उतरल्यावर भरलेली पिशवी घेऊन घरी. कोणाचा सोमवार, कोणाचा रोजा, कोणाचा शुक्रवार, मासेवालीला खिळ्यावर पिशवी आहे की नाही ते बघून कळे.

माझी पिशवी शेजारच्या ख्रिस्ती मावशीने शिवून दिलेली, तिच्याच पिशवीच्या कापडाची.

"लाल दोरो आसा ती माझी. इसरा नको गो!"

मी कशाला विसरते! चोवीस वर्षांची, टायपिंग पास, वर नवी नवरी.

मावशी कणकवलीच्या शाळेत शिकवायची. बसमध्ये आम्ही एकाच बाकावर. तिचा नवरा जहाजावरून निवृत्त झालेला, वीस दिवस तापाने पडून होता, पेजेलाही तोंड लावत नव्हता.

"आज तेंणी मुडदुशे मागल्यानी," ती त्या सकाळी म्हणाली. मुडदुशे म्हणजे हलके, मऊ मासे. आमच्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला तेच देतात. मी "हूं" म्हटलं. माझं डोकं तिच्या खांद्यावर, बाहेर शेतांवर दुधासारखं धुकं, आणि बस रस्त्यावरून नव्हे तर पाण्यावरून चालल्यासारखी. त्या डुलकीत मी रोज कुठे कुठे जाऊन यायचे, फक्त कचेरीत जात नसे.

संध्याकाळी मावशी औषधासाठी मागे राहिली. मी आधीच्या बसने आले, तशीच तरंगत, आणि हाताला लागली ती पिशवी उचलली. घरी उघडली. मी सांगितले होते बांगडे, निघाले मुडदुशे! शंका आली का? आली की. पण मी तिला समजावलं, बाई, नव्या नवरीची पिशवी बघून मासेवाली खूश झाली असेल.

तळले. कधी चांगलं न बोलणाऱ्या सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. मी जमिनीपासून वीतभर वर.

मग दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून मावशीचा आवाज आला. "वहिनीनू, माझे मुडदुशे तुमच्याकडे इले काय? खिळ्यार तुमचीच पिशवी उरलेली, तेच्यात बांगडे आसत."

सासूबाईंनी ताटातल्या काट्यांकडे पाहिलं. "अगो बाय माझे!" म्हणत त्या बाहेर गेल्या. दोघी हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या दारामागे, हातात रिकामी कढई. बांगडा तापवाल्याला चालत नाही. म्हणजे म्हातारा आजही उपाशी, आणि तो माझ्यामुळे.

सकाळी शेवटच्या बाकावर लपायचं ठरवूनच चढले. मावशीने छत्री ठेवून माझी जागा धरली होती. तिने छत्री उचलली आणि म्हणाली,

"बस हयसर. काल ते माझ्यार रागावले, 'माझे मुडदुशे खंय' म्हणान ताट ढकलल्यानी. वीस दिवसांत पयल्यांदा! माणूस रागावलो म्हणजे जगतलो गो. आज तेंका मुडदुशे तू रांधून घेवन ये. आणि मीठ बेतान घाल, तुझी सासू कालच सांगत होती."