कालिंदीचा खालचा मजला

कालिंदी परब आज नीट चालते, हीच तिची अडचण आहे.

करी रोडच्या आमच्या चाळीचा टॉवर होतोय. कुणाला कितवा मजला, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार; दिव्यांगाचा दाखला असेल तर मात्र चिठ्ठीविना सगळ्यात खालचा. कालिंदीला तोच हवा होता. काही वर्षांपूर्वी तिचा उजवा डोळा धूसर झाला, मग पाय बधिरला, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव घरात आलं. यात शरीर आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण कुरतडतं. दोन्ही त्रास ओसरले. चाळीच्या मते आजार बरा झाला.

डॉक्टरांनी नसांची तपासणी केली. पडद्यावर काळे-पांढरे चौकोन दाखवले, घोट्याला बारीक झटके दिले, आणि डोक्याला चिकटवलेल्या तारांवरून संदेश मेंदूत कधी पोचतो ते टिपलं. पायाचा संदेश फारच रेंगाळत होता.

“म्हणजे माझं चालणं जाणार?”

“असे रिपोर्ट असणाऱ्यांत पुढे चालायला त्रास होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणून तर औषध बदलतोय. पण तुमचं नेमकं काय होईल, ते नाही सांगता येत.”

“मग एवढंच लिहून द्या.”

डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी रमाकांत घाडी यांनी ते चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं.

“गो, तू तर धडधाकट! गणपतीत फुगडी घातलीस, मी बघितलंय.”

“काका, मी दहा वर्षांनंतरचं बोलतेय.”

“मग अपंग झालीस की ये. नियमात बसवू.”

“तोवर खालचा मजला रिकामा ठेवणार?”

“तो कसा ठेवणार? वाटून झालेला असेल ना!”

यात काकांना काहीच खटकलं नाही.

नवरा, उन्मेष, म्हणाला, “मीटिंगला जरा लंगडत ये.”

“त्याची घाई नाही,” कालिंदी म्हणाली.

महिनाभर ती दारोदार फिरली. सर्वसाधारण सभेत तिच्या बाजूने पटापट हात वर झाले. वरच्या मजल्याला भाव जास्त. त्यामुळे माणुसकी कुणालाच महाग पडली नाही.

मग बिल्डरच्या माणसाने सुधारित नकाशा उलगडला.

“सगळ्यात खालचा म्हणजे आठवा, मॅडम. त्याखाली सात मजले पार्किंग.”

“पण आमच्या चाळीत गाड्या आहेत कुणाकडे?”

“आम्ही बाहेर विकणार त्या फ्लॅटवाल्यांचं आहे ते. आणि लिफ्ट आहेत की.”

“लिफ्ट बंद पडली तर?”

तो सवयीने हसला. काका म्हणाले, “बघ, दिला की नाही तुला खालचा? कर सही.”

कालिंदीने पेन इतकं दाबलं की कागद फाटला. दुसरी प्रत येईस्तोवर कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

ती बसली नाही.