आतली बाजू

सुदामभाऊंना जाऊन सहा आठवडे झाले, पण एका शब्दावरचा माझा राग अजून जात नाही. निमित्त. ‘न्यूमोनियाचं निमित्त झालं,’ असं म्हणत माणसं भोसरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत येत होती, चटईवर टेकत होती आणि मान हलवून उठत होती. कसलं निमित्त? एकसष्ट हे काय जायचं वय आहे? ज्या सोमवारी भाऊ गेले, त्या सकाळी मी पहिल्या शिफ्टला महाळुंग्याच्या कारखान्यात नुकतंच मशीन सुरू केलं होतं. त्यांच्या मुलीचा, सीमाचा फोन आला. ‘काका, बाबा गेले,’ एवढंच बोलली… आणि मी मशीन बंद करायचंही विसरलो.

भाऊ मूळचे लातूरकडचे. भोसरीच्या एका टूलरूममध्ये आम्ही शेजारी शेजारी मशीनवर उभे राहिलो, मग दोघेही महाळुंग्याला गेलो. मी त्यांच्याहून आठ वर्षांनी धाकटा. हत्यार कसं धरायचं हे त्यांनी मला शिकवलं आणि शिव्या कशा खायच्या हेही. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी मशीनखालच्या टाकीतल्या कूलंटला, म्हणजे हत्यार थंड ठेवणाऱ्या तेलपाण्याला, सडक्या अंड्यासारखा वास यायचा. बाकीचे त्यात औषध ओतायचे, वर नवं कूलंट घालायचे आणि मोकळे व्हायचे. भाऊंचं डोकं फिरायचं. ‘अत्तर शिंपडायलास का रे? आधी टाकी खरड!’ टाकीच्या भिंतीला बुळबुळीत थर धरायचा. त्यात जंतूही असतात आणि बुरशीही, हे त्यांना कूलंटवाल्या कंपनीच्या माणसानं कधीतरी सांगितलं होतं. ते भाऊंच्या डोक्यात पक्कं बसलं. ‘दोघंबी एकमेकाला धरून हाईत. एकाला मारलं की दुसरा पसरतो. खरडल्याबिगर इलाज न्हाई.’ त्यासाठी त्यांनी पितळेची एक खरवडणी बनवली होती, मान वाकवलेली, कोपऱ्यापर्यंत पोचणारी. दर शनिवारी शिफ्ट संपायच्या आत ते स्वतः गुडघ्यावर बसून टाकी खरवडायचे.

असा हा माणूस, आणि त्याच्याच तोंडात तसलाच थर वाढत गेला.

साखरेच्या दुखण्यानं आणि तंबाखूनं मिळून पन्नाशीच्या आत त्यांचे वरचे सगळे दात गेले. मग कवळी आली. तिची त्यांना इतकी लाज, की कमलवहिनींनीही त्यांचं बोळकं कधी पाहिलं नव्हतं. न्हाणीघराचं दार लावायचे, नळाखाली कवळी विसळायचे आणि तोंडात घालूनच बाहेर यायचे. झोपतानाही ती तोंडातच. निवृत्तीला वर्षभर असताना कारखान्याच्या बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले. मापाचे गेज पुसायच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. ‘विलास, तुला मायक्रॉन धरता येतंय, एवढं जोडता येईना व्हय रे?’ आता असं म्हटल्यावर टूलरूमचा कोणता माणूस दातांच्या डॉक्टरकडे जा म्हणेल? जेवणाच्या सुट्टीत मी ती चिकटवली, बारीक कानसीनं घासली, बफच्या फिरत्या चाकावर चमकवली. नख फिरवलं तरी जोड लागत नव्हता. शॉपमधली सगळी माणसं बघून गेली. आतल्या बाजूला, टाळूकडे, मोठं बफ पोचत नव्हतं. लहान बफ स्टोअरमधून आणायला हवं होतं, पण भोंगा व्हायची वेळ झाली होती. ‘ऱ्हाऊ दे, आत कोण बघायलंय!’ भाऊ म्हणाले. मीही राहू दिलं.

काही महिन्यांत त्यांची टाळू झोंबायला लागली. ठेचा सुटला, मग आमटीही तिखट लागायला लागली. गल्लीतल्या डॉक्टरनं जंतूंवरच्या गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटलं आणि तोंडात पांढरं आलं. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच. त्या डॉक्टरनं तीनदा बॅटरीचा झोत टाकून ‘तोंड उघडा’ म्हटलं, ‘कवळी काढा’ एकदाही म्हटलं नाही. त्याच्या त्या बॅटरीचा मला आजही संताप येतो. आणि हा आमचा पठ्ठ्या स्वतःहून काढतोय थोडाच!

शेवटी सीमानं त्यांना वाकडला, तिच्या घराजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी बरोबर होतो. बाईंनी पहिल्यांदाच कवळी काढायला सांगितली. भाऊंनी तोंड भिंतीकडे वळवून ती काढली. बाईंनी मला टाळू दाखवली. लालभडक, आणि मधोमध माझ्या जोडाची रेघ. बाई समजावत होत्या. कवळीच्या खडबडीत जागेत बुरशी आणि जंतू एकाच चिकट थरात राहतात, गोळ्यांनी जंतू मेले की बुरशीला मोकळं रान, आणि नुसतं बुरशीचं औषध दिलं तर ते थराच्या तळापर्यंत जात नाही. आधी थर घासून काढायचा, झोपताना कवळी बाहेर, साखर ताब्यात, मग नवी कवळी. ‘भाऊ, ही तर आपली टाकी!’ मी म्हणालो. तोंडावर हात धरून ते हसले. टाळू बरी होईपर्यंत दोन आठवडे कवळीशिवाय राहा, असंही बाईंनी बजावलं. नेमकं पुढच्या आठवड्यात सीमाच्या मुलीचं बारसं होतं. ‘व्याह्यांपुढं बोळकं घेऊन बसू का? बारसं होऊ दे,’ भाऊ म्हणाले.

बारसं झालं. त्याच कवळीनं हसून भाऊंनी फोटो काढून घेतले. मग खोकला, ताप, दवाखाना. तोंडातलेच जंतू झोपेत फुफ्फुसात उतरले असावेत, त्यात साखर वाढलेली, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मला भाऊंचा राग येतो. दुसऱ्याच्या टाकीवरून आयुष्यभर आरडाओरडा केला आणि स्वतःच्या वेळी लाजले. त्या गल्लीतल्या डॉक्टरचा येतो. पण जोड तर मी दिला होता ना! मग कोणाकोणावर ओरडू?

तेराव्यानंतर कमलवहिनींनी दवाखान्यानं दिलेली प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात ठेवली. ‘भावजी, ही घरात ठेववंना अन् टाकवंना. तुमीच न्या.’ आत कवळी होती. वहिनींनी ती तोंडाबाहेर पहिल्यांदा पाहिली ती अशी.

भाऊ निवृत्त झाल्यापासून त्यांची खरवडणी माझ्या मशीनशेजारी खिळ्याला असते. गेल्या शनिवारी मी टाकी खरवडली, हात धुतले आणि पिशवी उघडली. बाहेरून नख फिरवलं, लागलं नाही. आतून फिरवलं, तर अडकलं. मग स्टोअरमधून लहान बफ आणलं आणि आतली बाजू गुळगुळीत केली. दहा मिनिटं लागली.