अक्काच्या कमरेचं माप

कापडाला हात न लावता एखादा दिवस गेला, असं मास्तरांच्या बाबतीत पंचेचाळीस वर्षांत घडलं नव्हतं. आता सतरा दिवस झाले होते. परदेशातल्या एका लॉजच्या जेवणघरात बसून ते टेबलावरच्या कापडाची उसवलेली कड चाचपत होते.

मास्तर लेडीज टेलर. वय त्रेसष्ट. लग्न केलं नाही. थोरली बहीण अक्का आणि तिची मुलगी, एवढाच संसार. सहलीला पाठवलं तेही अक्कानंच. "जन्मभर मशीनचं पायडल मारलंस, पण पोचलास कुठं? जा एकदा, आणि एकटाच जा. मी काही पळून जात नाही." हो-नाही करत मास्तर निघाले. पंधरा दिवस फिरणं बरं झालं. परतीच्या दिवशी विमानतळावर कामगारांचा संप सुरू झाला आणि मास्तर लॉजवर परत आले. विमान कंपनीला फोन केला की बाई रोज एकच सांगे, "काही कळलं की कळवू."

एरवी त्यांनी दोन दिवस इकडे-तिकडे मानले नसते. पण आज घरचा दिवस होता. वडिलांनी ज्या तारखेला दुकान उघडलं, त्या तारखेला दरवर्षी ते घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं करून मापं घेत आणि त्या मापाचा एकेक नवा कपडा शिवत. त्यांच्यामागे टेप मास्तरांकडे आली आणि वही अक्काकडे. मास्तर आकडा ओरडणार, अक्का लिहिणार. वाढदिवस विसरले जात, हा दिवस नाही.

गेल्या वर्षी अक्काची पाळी आली तेव्हा मास्तर ओरडले होते, "कंबर छत्तीस!"

"चौतीस," अक्का म्हणाली.

"टेप छत्तीस म्हणतेय."

"टेप म्हातारी झालीय, तिला काय कळतंय?" असं म्हणून तिनं वहीत खुशाल चौतीस लिहिलं. मास्तरांनी मुकाट्यानं छत्तीसचा कुर्ता शिवला. तो घालून अक्का आरशासमोर फिरली आणि म्हणाली, "बघ! चौतीस कसा चपखल बसला!" भाची तेव्हा नोकरीच्या गावी होती. हे गुपित दोघांतच राहिलं.

लॉजची स्वयंपाकीण आपल्याच भाषेतली. तीस वर्षांपूर्वी इकडे आलेली, पण जिभेची धार शाबूत. मास्तरांचा उतरलेला चेहरा बघून तिनं काल सगळं काढून घेतलं होतं. "मग इथंच करा की घरचा दिवस. अडकलेली माणसं काय कमी आहेत?"

तिनं खरंच दोघांना गोळा केलं. दाराएवढा रुंद, निवृत्त ट्रकवाला आणि संपामुळेच अडकलेली एक शाळेतली बाई. दोघांना मास्तरांची भाषा येत नव्हती. स्वयंपाकीण दोन्हीकडचं इकडून तिकडे पोचवत होती आणि वर स्वतःचा मीठमसाला घालत होती. तिनं गोडाचं केलं होतं. दुपारी टेबल भिंतीला सरकवलं. मास्तरांनी खिशातली टेप गळ्यात टाकली आणि सतरा दिवसांत पहिल्यांदा ताठ उभे राहिले.

"हा विचारतोय, शिवणार काय?" स्वयंपाकिणीनं ट्रकवाल्याचा प्रश्न पोचवला.

"शिवणार काही नाही, नुसतं मोजणार."

"मी सांगितलंय त्याला, एवढ्या अंगाला कापड पुरवायचं तर गिरणीच काढावी लागेल."

सगळे हसले. मास्तर म्हणाले, "आधी घरची मापं. पहिला मान अक्काचा." त्यांनी भाचीला फोन लावला. माप कसं घ्यायचं ते कालच समजावून झालं होतं. व्हिडिओ लावायला मात्र भाची तयार नव्हती. "नेट दगा देतंय मामा, आवाजावर भागवा." फोन टेबलावर ठेवून मास्तरांनी कागद पेन्सिल घेतली.

"छाती?"

"साडेअडतीस."

"खांदा?"

"साडेचौदा."

भाची भरभर सांगत होती. मास्तरांना तिचं कौतुक वाटलं. पहिल्यांदा टेप धरणारं माणूस असं चालत नाही. टेप निसटते, पीळ पडतो, अर्धा-पाव इंचाचा घोळ होतो.

"कंबर?"

"चौतीस."

पेन्सिल थांबली. अक्काची कंबर गेली दहा वर्षं चौतीस नव्हती. चौतीस होतं ते फक्त वहीत.

"पुन्हा घे."

"घेतलंय ना मामा. चौतीसच."

"अक्का काही बोलली नाही? कमरेच्या मापावरून भांडली नाही?"

"तिला जरा... खोकला आहे. तुम्ही पण ना, सुतावरून स्वर्ग गाठता."

"बरं. मनगट घे."

मनगट वहीत नव्हतं. अक्काला अर्ध्या बाह्या आवडत, कधी लागलंच नाही. पलीकडे टेप शोधल्याची खुडबुड झाली. मग भाचीचा आवाज आला, पार बदललेला. "मामा, पाच."

मास्तरांनी अक्काला बांगड्या भरताना पाहिलं होतं. तिचं मनगट साडेसहाच्या खाली नसणार.

"कधीपासून?"

"तुम्ही जायच्या आधीपासून. सैल कपड्यांत झाकत होती, तुम्ही गेल्यावर तर झपाट्यानं उतरली. तिनं शपथ घातली होती. म्हणाली, कळलं तर तो जायचाच नाही. डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरांचं राहू दे. मी चार दिवसांत..." मास्तर बोलता बोलता अडले. चार दिवसांत काय? विमानतळाच्या फाटकाला कुलूप होतं आणि मधे समुद्र होता. एवढ्या वर्षांत उसवलेलं काहीही समोर आलं की त्यांचा हात आपोआप सुईकडे जाई. आता तो टेबलावर नुसता पडून होता.

मागून अक्काचा आवाज आला, बारीक, पण तोच. "रडतोय का तो? त्याला म्हणावं, वही बघून वाचायचं डोकं माझंच. पोरीला बोलू नको."

"अक्का, चौतीस काय सांगितलंस?"

"वहीत तेच आहे."

"खोटं आहे ते."

"मग इतके दिवस का नाही बोललास?" आणि ती खोकत हसली. "बरं, घे गं खरं माप. आज घरचा दिवस आहे."

इकडे स्वयंपाकिणीला सगळं कळलं होतं. ट्रकवाल्यानं तिला कोपरानं ढोसून विचारलं, तर तिनं हातानंच थांब म्हटलं. फोनमधून अंथरुणाची सळसळ, भाचीचं "हळू, आई", टेप पडल्याचा आवाज, पुन्हा सळसळ. मास्तर पेन्सिल धरून उभे होते.

"मामा," भाची म्हणाली, "कंबर सव्वीस भरतेय."

"अठ्ठावीस!" अक्का ओरडली. "अठ्ठावीस लिहायला सांग त्याला."

मास्तरांनी कागदावर अठ्ठावीस लिहिलं. दुसरा आकडा लिहिला नाही. तो काही विसरला जाणार नव्हता.

"लिहिलं?"

"लिहिलं, अक्का."

"चपखल बसला पाहिजे."

"बसेल."

फोन ठेवल्यावर त्यांनी विमान कंपनीचा नंबर लावला. "काही कळलं की कळवू," बाई म्हणाली. मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, तिचा पीळ सरळ केला आणि ट्रकवाल्याला हातानं खूण केली, की हात वर करा.