लोण्याची मालगाडी

गारव्यावर माझ्या साडूंची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी भल्याभल्यांची देवावरही नसेल. उभी नोकरी त्यांनी चाकणच्या एका शीतगृहात यंत्रं सांभाळण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर मालगाडीच्या गार डब्यांच्या मागे लागले. फळं-मासळी थंड ठेवून नेणारे ते पांढरे डबे हे गृहस्थ वीतभर आकारात हुबेहूब बनवतात. भिंतीत थर्माकोल, दाराला सेफ्टी पिनेची कडी, छपराला बर्फ टाकायची झाकणं. लग्नात आइस्क्रीम आलं की कप उलटा धरून बघणार आणि ते पडलं नाही तरच वधूवरांना मनापासून आशीर्वाद देणार. आमच्याकडे आले की आधी फ्रिजच्या दाराची रबरी कड चाचपणार, मग माझी खुशाली विचारणार. चिंचवडच्या हौशी रेल्वेवाल्यांत एकदा कुणी म्हणालं, "काका, डबा गार दिसला की बास की." साडू चहा अर्धा टाकून उठले. "ताप आलेल्या माणसाला बर्फाचं चित्र दाखवतात का, राव?" पार्किंगमध्ये त्यांनी मला विचारलं.

अडचण एवढीच, की हे डबे ओढणाऱ्या छोट्या गाडीचे रूळ पिंपळे सौदागरच्या त्यांच्या टू बीएचकेत हॉलमधून निघून, बेडरूमला वळसा घालून स्वयंपाकघरापर्यंत गेले होते. दिवाळीला लेकीच्या सासरची माणसं यायची होती. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणाल्या, "पाहुण्यांनी काय उड्या मारत फराळाला यायचं? काढा हे सगळं." साडू हटेनात. शेवटी असं ठरलं, की सुपारीएवढा लोण्याचा गोळा डब्यात घालून घरभर फिरवायचा. घट्ट पोचला तर गाडी राहणार, पाघळला तर सगळं कायमचं खोक्यात. ताई कबूल झाल्या, कारण त्यांचा ऑक्टोबरच्या उकाड्यावर भरवसा होता. साक्षीला मी.

माल भरण्याआधी डबा गार करून घ्यायचा, हा शीतगृहातला पहिला नियम. साडूंनी उत्साहाच्या भरात डब्याबरोबर इंजिनही फ्रीझरमध्ये ठेवलं. त्यापायी ताईंचे मटार बाहेर आले. गाडी झोकात निघाली, पण बेडरूमच्या दाराशी गार इंजिनाला घाम फुटला आणि ओली चाकं जागच्या जागी गरगरू लागली. मी हात पुढे केला.

"शिवू नका," साडू म्हणाले. "हातानं ढकललेल्या मालाला पोचला म्हणत नाहीत."

ते पोटावर आडवे झाले आणि रुळांवर फुंकर मारू लागले. मी केस वाळवायचं यंत्र सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डब्याखाली चूल पेटवायला सांगत होतो. शर्ट पाठीला चिकटला, दम लागला, तरी फुंकर थांबेना. आधी मला हसू येत होतं. मग येईनासं झालं.

ताई दारात उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या कधी खाली बसत नाहीत. त्या भिंतीला धरून बसल्या, पदराचं टोक घेतलं आणि चाकं पुसू लागल्या.

"हे ढकलणं होत नाही ना?"

"नाही. ही देखभाल झाली."

गाडी हलली. पुढे ताई रूळ पुसत सरकताहेत, मागे साडू रांगताहेत, अशी ती स्वयंपाकघरात पोचली. साडूंनी दार उघडलं. लोणी तळाला पसरलं होतं.

"पाघळलं," ते स्वतःच म्हणाले आणि खोकी आणायला उठले. मला फार वाईट वाटलं.

"बसा," ताई म्हणाल्या. त्यांनी ते लोणी निपटून भाकरीवर घातलं आणि ती साडूंपुढे ठेवली.

"ठरलं होतं ना आपलं."

"अट माझी होती, मी मागे घेतली. पुढच्या खेपेला इंजिन बाहेर ठेवा, म्हणजे मला एवढं पुसावं लागणार नाही."

साडू भाकरी मोडायची विसरून त्यांच्याकडे बघत राहिले.

घरी आलो. आमचा हॉल मोकळा आहे, लखलखीत आहे. तिथे आम्ही नवरा-बायको शेजारी शेजारी जमिनीवर कधी बसलो होतो, ते मला काही केल्या आठवेना.