बापाला दारुडा केलं

पडद्यावरचा आवाज म्हणाला, "तिच्या दारुड्या बापाला तिचं शिकणं खुपत होतं." माझा बाप माझ्या शेजारीच बसला होता. तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून.

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कंपनीत मी माल तपासायच्या ऑफिसात कामाला. मध्यंतरी पुण्याहून एक मॅडम आल्या, स्टोरीटेलिंग शिकवायला. आता नुसता टॉवेल नाही, म्हणे, गोष्ट विकायची. "तुमचा संघर्ष सांगा," म्हणाल्या. मीही शहाणी, सांगून बसले. सांगोल्याकडचा माळ, आमची मेंढरं. मी सोलापुरात आत्याकडं शिकायला. मला कॉलेजात घालायला बापानं अर्धा कळप विकला. पोरीसाठी कळप मोडला म्हणून भावकीनं त्याला वेड्यात काढलं.

मॅडम म्हणाल्या, "छान आहे, पण यात खलनायकच नाही." मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसले. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

परदेशी गिऱ्हाईक आलं त्या दिवशी आमच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. दारातच फोटोवाल्यानं बापाला अडवलं. "घोंगडी नाही आणली? गोष्टीला शोभली असती." कुठूनशी एक कोरी घोंगडी आणून त्याच्या खांद्यावर टाकली. लेकीच्या ऑफिसात जायचं म्हणून बिचारा आपली मुद्दाम घरी ठेवून आला होता.

मग तो व्हिडिओ. दारुडा बाप, रडणारी पोर, शेवटी तिला नोकरी देणारे मालक. टाळ्याच टाळ्या. बाप माझ्याकडं वळला.

"म्या कवा दारू पिलो गं? तू सांगितलंस व्हय असं?"

तो रागावला नव्हता. खरंच विचारत होता. तिथं माझं डोकं फिरलं.

आभार मानायला मला माइक दिला. हातात लिहिलेला कागद होता. तो मी चुरगाळला. "हे खोटं आहे," म्हटलं. "माझा बाप दारूला शिवत नाही. त्यानं कळप मोडून मला शिकवलं. तो हितंच बसलाय. आबा, उभं ऱ्हावा की."

बाप उठला. खांद्यावरची घोंगडी काढली, नीट घडी करून खुर्चीवर ठेवली.

नंतर मॅनेजर म्हणाले, "अहो, गोष्ट आहे ती. एवढं मनाला काय लावून घेता?"

"मग तुमच्या वडलांना घाला की तिच्यात," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझी बदली पॅकिंगला झाली.

कंपनीनं तो व्हिडिओ इंटरनेटवरही टाकला, अजून काढून टाकलेला नाही. भावकीच्या मोबाइलवर पोचलाय. माळावर पोरंटोरं बापाला विचारतात, कुठल्या गुत्त्यावर जात होतास म्हणून. तो मान खाली घालून मेंढरं हाकतो. हे बघून माझ्या अंगाची आग होते.

व्हिडिओ काढा, माफी मागा म्हणून दर सोमवारी मी कंपनीत अर्ज देते आणि पोच घेतल्याशिवाय हलत नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. मला बंद खोलीतली माफी नको. मालकानं माळावर यावं आणि भावकीदेखत माझ्या बापाची माफी मागावी. त्याशिवाय मी त्यांना सोडणार नाही.