मोजून सात, बघून सहा

आठवीत असताना मी होटगी स्टेशनावर बाकाच्या मागं लपून फलाटावरच्या अनाउन्समेंटवाल्या बाईचा आवाज काढला होता. गाडी आज दोन नंबरवर येणार, असं हुबेहूब तिच्या नाकातनं सांगितलं. निम्मी माणसं पुलावर चढली. त्यात एक वडेवालापण होता, डोक्यावर पाटी घेऊन. गाडी एक नंबरवरच आली. वडेवाल्यानं मला शोधून काढून जी हाणली, त्याचा आवाज मात्र मला अजून काढता आलेला नाही.

शाळेत तर विचारूच नका. हेडमास्तरांच्या आवाजात खिडकीबाहेरनं ‘शेवटचे दोन तास सुट्टी’ म्हणालो आणि निम्मी शाळा घरी. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर मला माझ्याच आवाजात ओरडायला लावत होते.

सगळं गाव हसायचं. एक माणूस हसायचा नाही. आमचे आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. नक्कल संपली की ते म्हणायचे, “आवाज काढतोस व्हय? आवाज रेडिओबी काढतोय की. माणसाची चाल काढून दाव.”

“चाल कशाला आबा? लोक आवाजालाच हसतात.”

“तोंडाकडं बघून माणूस कळत न्हाय, लेका. पाठीमागनं बघ. पाठ खोटं बोलत न्हाय.”

आबा मूळचे मेंढरांमागचे. मग फौजेत गेले, पेन्शन घेऊन आले आणि परत मेंढरांमागं लागले. मेंढरं राखणारा माणूस सगळं आयुष्य कळपाच्या मागनं चालतो. त्याला तोंडं कमी दिसतात, पाय जास्त. आणि आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की कमी होतात म्हणे. दिवस मावळायला जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी आबा उभे राहायचे आणि एकेकीला जाताना बघायचे. कोण फेंगडं टाकतंय, कोण उड्या मारतंय, कोण पोटुशी म्हणून डुलतंय. शेवटी म्हणायचे, “समदी आली.” झालं.

एकदा जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले. फॉर्म काढला.

“आबा, किती आहेत?”

“हायत तेवढी.”

“अहो, आकडा सांगा की.”

“समदी हायत म्हनलं न्हवं? आकड्याला काय सुई टोचायचीय?”

डॉक्टरांनी शेवटी स्वतःच मोजली, दोनदा, आणि दोन्ही वेळेला वेगवेगळी भरली.

ह्या न मोजण्यामुळंच आबांनी लढाईत एक माणूस परत आणला. ही गोष्ट मी शाळेच्या गॅदरिंगला, गणपतीत, लग्नात, बारशात, जिथं माईक मिळेल तिथं केलीय. आता जरा कमी मीठमसाला लावून सांगतो.

आबांच्या पलटणीतली सात माणसं दुश्मनानं धरली होती. सरहद्दीच्या पलीकडं, वाळवंटासारख्या मुलखात, मातीच्या भिंतीच्या एका मेंढवाड्यात कोंडून ठेवली होती. त्यातला एक आपल्या सोलापूर शहरातला. विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. जिल्ह्याचा म्हणून आबांचा जिवाचा दोस्त. त्यांना सोडवायला एक साहेब आणि चार जवान पलीकडं गेले, त्यात आबा. जाऊन एका कोरड्या ओढ्यात पडून राहिले. साहेबांना अंधाराची वाट बघायची होती. आबा म्हणाले, “साहेब, अंधारात पहारा जागा असतोय. भर दुपारी झोपतोय. आन् मेंढरं दुपारीच वाड्याला येत्यात.”

वाड्याच्या बाहेर एक म्हातारा मेंढपाळ कळप चारत होता. त्याच मुलखातला, साधा माणूस. त्याचाच वाडा शिपायांनी कैद्यांसाठी बळकावला होता. आबा सकाळपासनं पोटावर पडून त्याची हाक ऐकत होते. प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी असते आणि मेंढरं आपल्याच मालकाची हाक ओळखतात. ऊन डोक्यावर आलं, दोन पहारेकरी झाडाखाली लवंडले, म्हातारापण पेंगायला लागला. तेव्हा आबांनी अंगावर घोंगडं घेतलं, वाड्याच्या मागच्या अंगाला गेले आणि त्या म्हाताऱ्याच्या आवाजात हाक घातली.

सगळा कळप धावत आला.

म्हणजे बघा, नकला आमच्या खानदानातच आहेत! मी आबांना तसं म्हणालोपण, “मग आवाजच कामाला आला की!” तर म्हणाले, “आवाजानं मेंढरं आली. माणूस चालीनं आला. म्होरं ऐक.”

मागच्या वाटेला दार म्हणून काटेरी झाप लावलेला होता. आबांनी तो ओढला. मेंढरं आपला वाडा म्हणून आत घुसली, धुरळा उडाला, आणि आबांनी खुणावल्यावर त्या धुरळ्यातनं आतली माणसं डोक्यावर फडकी, पोती घेऊन, वाकून, मेंढरांमधनं बाहेर पडली. आबांनी कळप परत ओढ्याकडं वळवला. पहारेकऱ्यानं एक डोळा उघडला असेल तर त्याला रोजचाच धुरळा दिसला. मागनं चालणाऱ्या मेंढरांनी माणसांची पावलं पुसून टाकली.

ओढ्यात साहेबांनी डोकी मोजली. एक, दोन, सात. “गिनती पूरी. चलो!”

आबा मागनं बघत होते. ते जागचे हलले नाहीत.

“साहेब, ह्यातलं एक आपलं न्हाय.”

“क्या मतलब? सात हैं!”

“सात हायत. पण त्यो तिसरा गडी बघा. दर चार पावलाला मागं वळून बघतोय. जीव वाचवायला पळणारा माणूस म्होरं बघतोय. मागं मेंढक्या बघतोय.”

पोतं उचललं तर खाली तो म्हातारा मेंढपाळ! आपली मेंढरं कुणीतरी हाकून नेतंय म्हणून बिचारा घाबरून गुपचूप कळपात शिरला होता. ओरडला तर गोळी, नाही ओरडला तर मेंढरं गेली. मग वाकून चालत राहिला.

म्हणजे आकडा सात, पण माणसं सहा. राहिलेला कोण, ते आबांना विचारायची गरजच नव्हती. तो विणकर दोस्त. त्याची चाल आबांना पाठ होती. पोरपणापासनं हातमागावर बसून पायानं फळ्या दाबायची सवय, त्यामुळं चालतानापण टाच न टेकवता चवड्यावर दाब देत चालायचा, जणू सगळा रस्ता विणतोय. ती चाल त्या सातांत नव्हती. त्याच्या पायाला जखम होती, तो वाड्यातच बसून राहिला होता. आपल्यामुळं बाकीचे मागं अडकायला नकोत म्हणून हाकपण मारली नव्हती त्यानं.

साहेब म्हणाले, परत जाणं म्हणजे मरण. आबा त्या म्हाताऱ्याकडं वळले. भाषा एकमेकांना कळत नव्हती. आबांनी मेंढरांकडं बोट केलं, वाड्याकडं केलं, मग लंगडून दाखवलं. त्या दोस्ताची चाल करून दाखवली. म्हाताऱ्याला कळलं. त्याला तशीपण मेंढरं घरी न्यायचीच होती. दोघं कळप घेऊन परत वाड्यावर गेले, म्हाताऱ्यानं ह्या वेळेला स्वतः हाक घातली, आणि आबांनी दोस्ताला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. म्हाताऱ्यानं परत धुरळा उडवून दिला. साहेबांनी मग परत मोजलं म्हणतात. आबांनी नुसतं बघितलं. “समदी आली.”

तेव्हापासनं तो दोस्त दरवर्षी आमच्या गावी येतो. येताना एक सोलापुरी चादर आणतो. आम्ही त्यांना चादरवाले आजोबाच म्हणतो. आबांच्या घरात इतक्या चादरी आहेत की काकू, म्हणजे आबांची सून, त्या पाहुण्यांना आग्रहानं वाटते.

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षी आबा आजारी पडले, आणि उठले ते माणसं विसरूनच. आपल्याच सुनेला विचारतात, “कोन गं तू? कुणाची?” मला तर रोज नवीन कुणीतरी समजतात. एकदा पोस्टमन समजले. मी पोस्टमनच्या आवाजात बोललो, तर खूश झाले.

अशात चादरवाल्या आजोबांचा फोन आला, रविवारी येतो म्हणून. काकूनं मला बाजूला घेतलं.

“त्यांनी वळखलं न्हाय तर त्यो माणूस घरी जाऊन जेवायचाबी न्हाय. तू आसं कर, आबांचा आवाज काढ आन् फोनवर सांग, यंदा येऊ नगो म्हनावं.”

मला काय, निमित्तच पायजे. फोन लावला. आबांसारखा खाकरलो. “हॅलो, कोन? मी बोलतोय. यंदा नगो येऊ, लई ऊन हाय.”

पलीकडनं आजोबा म्हणाले, “आवाज बरोबर आहे बाळा. पण तुझा आबा फोन उचलला की आधी शिवी देतो.”

मी मेलो. खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, “आम्ही सात होतो. सहा गेले. साहेबपण गेले. मी त्या वाड्यात भिंतीला टेकून बसलो होतो हे बघितलेला आता एकच माणूस उरलाय. त्यानं ओळखलं नाही, तर मी तिथनं सुटून आलो होतो ह्याला साक्षीदार कोण? मी येणार.”

त्या दिवशी मी दिवसभर माझ्याच आवाजात बोललो.

रविवारी सकाळी दहाला ते आले. रिक्षातनं उतरून, काखेत चादर, मागच्या दारानं आत. कारण पुढं अंगणात काकूची ज्वारी वाळत होती. आबा पुढच्या ओसरीत खाटेवर बसले होते. चादरवाले समोर जाऊन उभे राहिले. सगळे दात नवीन बसवलेले, केस काळे केलेले, इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं, नवरदेवासारखे का नटलेत? मग कळलं. ओळखावं म्हणून तरुण होऊन आले होते.

“काय रे, ओळखलंस का?”

आबांनी वर बघितलं, चादरीकडं बघितलं. “नगं आमाला. घरात लई चादरी हायत. म्होरच्या दारी इचारा.”

काकूनं पदर तोंडाला लावला.

“अरे, मी! तो मेंढवाडा, तो म्हातारा... आठव की.”

“मेंढरं इकली आमी,” आबा म्हणाले आणि बाहेर रस्त्याकडं बघायला लागले.

चादरवाले खाटेच्या कडेला अर्धा तास बसले. पलटणीतल्या गोष्टी सांगितल्या. तेलुगूत एक शिवीपण दिली, जुन्या ओळखीची असावी. आबांनी माशी हाकलावी तसं केलं. काकूनं चहा आणला, तो चादरवाल्यांनी बशीत ओतला आणि बशीतच ठेवला. मग उठले.

“जातो सूनबाई.”

“जेवून जावा की काका. भाकरी थापतीया.”

“नको. भूक नाही.”

ह्या वेळेला ते पुढच्या अंगणातनं निघाले, ज्वारीच्या कडेकडेनं. चादर तशीच काखेत. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला मागं. आता माझी खोड सांगतो. पुढं कुणी चालत असलं की माझे पाय माझं ऐकत नाहीत. मला त्या माणसाचं एवढं वाईट वाटत होतं की डोळे भरून आले होते, आणि पाय मात्र त्यांची नक्कल करायला लागले होते. चवड्यावर दाब, खांदा जरा वर, परत दाब.

“माकडा!” काकू दारातनं दात खाऊन म्हणाली. “लाज हाय का?”

तेवढ्यात खाट करकरली.

“ए! थांबा!”

आबा उभे होते. काठी धरून, डोळे बारीक करून, मेंढरं जाळीत जाताना बघायचे तसे.

“दोन कशी झाली?”

आम्ही दोघं जागीच थांबलो. चादरवाले वळले नाहीत. त्यांना वळायची भीती वाटत होती, ते मला त्यांच्या मानेवर दिसत होतं.

“चला म्होरं. चाला, चाला,” आबा म्हणाले. आम्ही चाललो. “ह्यातलं एक आपलं न्हाय.”

काठी टेकत टेकत आबा ज्वारीतनंच सरळ आले. आधी माझ्या पायावर काठी आपटली. “ह्यो टाच टेकवतोय. भुरटं हाय हे. बाजूला हो.” मग पुढं गेले आणि चादरवाल्यांच्या खांद्यावर मागनंच हात ठेवला.

“कुटं राह्यला हुतास रं भाड्या? साहेब कवाधरनं चला म्हनतंय.”

आली एकदाची शिवी!

चादरवाल्यांचे नवे दात थरथरत होते. “पाय दुखत होता रे,” ते म्हणाले.

“मग हाक मारायची की! जीभ दुखत हुती व्हय? धर मला.”

कोण कुणाला धरत होतं ते काय मला कळलं नाही, पण दोघं ओसरीपर्यंत आले. आबांनी सगळ्यांकडं बघितलं. दारातल्या काकूकडं, माझ्याकडं, काखेतल्या चादरीकडं. मोजलं नाही. नुसतं बघितलं.

“समदी आली,” म्हणाले. “वाढ गं.”

त्या दिवशी चादरवाल्यांनी तीन भाकरी खाल्ल्या, दात काढून ठेवून.

दुसऱ्या दिवशी आबा परत विसरले, हे सांगितलं पाहिजे. दोस्ताचं नाव तर आबांना त्या दिवशीपण आठवलं नव्हतं. पण चादरवाले आता महिन्याला येतात. आले की दारातनं सरळ आत येत नाहीत. आधी अंगणातनं पाठमोरे एक फेरी मारतात, ओसरीवरनं शिवी आली की मग वळून आत येतात. एकदा तीन फेऱ्या माराव्या लागल्या. पण शिवी आली.

मीपण त्यांच्या मागनं चालतो. आबा दर वेळेला मला बरोबर पकडतात आणि काठीनं बाजूला करतात.

“टाच,” म्हणतात. “टाच उचल, लेका. मग बघू.”