दोन पाहुण्यांचा मान आणि एक कॉम्प्युटर

तर बाळासोनं एकाच कॉम्प्युटरात दोन अँटिव्हायरस घातले, इथवर आलो होतो काल. आता हसू नका. बाळासो जत्रेतल्या कुस्त्यांचा निवेदक. तोडीस तोड पैलवान भिडले, दोन्ही गावं हमरीतुमरीवर आली, की माइकवरून बरोबरी पुकारायची आणि दोघांनाही फेटे बांधायचे, हे त्याच्या हाडात मुरलेलं. पुढं घशाचं ऑपरेशन झालं आणि तो पहाडी आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. जुन्या मैदानांतला आवाज तेवढा त्या कॉम्प्युटरात होता, दुसरीकडं कुठंच नव्हता.

शेजारच्या यशराजचे सगळे फोटो व्हायरसनं खाल्ले, तेव्हापासून बाळासोच्या जिवाला घोर. गडहिंग्लजचा जावई विश्वजित म्हणाला, विकतचाच घ्या. वडगावचा मेहुणा ज्ञानू म्हणाला, फुकटचा काय वाईट हाय? एकाचं ऐकावं तर दुसरा रुसणार. मग काय, बरोबरी!

पण कॉम्प्युटरातले ते दोघं व्हायरस सोडून एकमेकांच्याच उरावर बसले. पंखा घरघरू लागला, पडदा गोठला, आवाजाची एकही फाईल उघडेना. बाळासो उठे, बाहेर सोप्यात जाई, परत येई. चहा निवून गेला.

"बसा की एका जागी!" बायको हौसाबाई खेकसली. "पोळलेल्या मांजरागत काय फिरताय?"

"बसू कसा? माझा आवाज हाय त्यात."

"मग काढा की एक. जावयाचा काढा."

"आणि तुझ्या भावाचा ठेवू, व्हय?"

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणारी सबिना आली. म्हणाली, "काका, दोन एका घरात नांदत न्हाईत. चांगले दोन्ही हायत, पण तुमचं मशीन म्हातारं. विकतचा त्याला जड जातोय."

बाळासो उठला. जावयाचा मान! उंबऱ्यापर्यंत गेला, माघारी आला, खिडकीशी थांबला. मग मान हलवली, "काढ."

कॉम्प्युटर बंद झाला, पुन्हा सुरू झाला. सबिनानं फाईल दाबली आणि घरभर तो जुना आवाज घुमला. हौसाबाई पदर तोंडाला लावून उभी. सबिनानं सगळ्या फायलींची पेनड्राइव्हवर दुसरी प्रत केली, तेवढ्यात फोन वाजला. विश्वजित.

"मामा, माझाच ठेवलाय न्हवं?"

बाळासोनं घसा खाकरला.

"तुमचा काढला, जावईबापू. राग आला आसंल तर रविवारी जेवायला या, समोर बसून पोटभर रुसा. पण कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवतो."